सोनकांबळे सरांचं जाणं-येणं

नारायणगुड्याच्या मराठी शाळेत गणित शिकवणारे नागोराव सोनकांबळे वर्गात शिरले की आधी खिडकी उघडत, डस्टर खिडकीबाहेर आपटून घेत आणि मग मुलांकडे वळून विचारत, "हां, काल कुठं हरवलो होतो आपण?" काल कुठवर आलो होतो, असं ते कधी विचारत नसत. गणितात माणूस हरवतोच, हरवल्याशिवाय रस्ता कळत नाही, असं त्यांचं मत होतं. मुलांना ते फार पटायचं, कारण हरवण्यात सगळेच हुशार होते.

सर मूळचे देगलूरकडचे. लहानपणी काकांचं बोट धरून हैदराबादेत आले, वसतिगृहात राहून शिकले आणि विद्यानगरजवळच्या जुन्या विद्यापीठातून गणितात एम.एस्सी. झाले. त्यांच्या घराण्यात तोवर कुणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. निकाल लागला तेव्हा काका एवढंच म्हणाले, "आता पोरा, मोठ्यानं बोलायला शीक." ते मात्र सरांना वर्गाबाहेर कधी जमलं नाही. फळ्यापुढे त्यांचा आवाज खणखणीत लागे. स्टाफरूममध्ये आले की तोच आवाज चहाच्या कपात बुडून जाई.

त्यांचा लाडका धडा म्हणजे संच, आणि त्यातही एखाद्या संचाला त्याच संचानं गुणायचं तो भाग. पुस्तकात त्याला कार्टेशियन गुणाकार असं भारदस्त नाव होतं. सर ते नाव एकदा फळ्यावर लिहीत, मुलांना हवं तेवढं घाबरू देत आणि मग पुसून टाकत. त्या जागी वर्गातल्याच तीन मुलांची नावं येत. चेतन, केतकी, अजय.

"हा आपला संच. आता याला यानंच गुणायचं. म्हणजे काय करायचं? प्रत्येकानं प्रत्येकाच्या घरी जायचं. जोडीत पहिलं नाव जाणाऱ्याचं, दुसरं ज्याच्या घरी गेला त्याचं. झालं! चला, लिहा जोड्या."

मुलं लिहू लागत. चेतन केतकीकडे गेला. केतकी चेतनकडे गेली. मग कुणीतरी हात वर करी, "सर, या दोन्ही जोड्या एकच ना? नावं तर तीच आहेत."

"एकच कशा? चहा कुणाच्या घरचा संपला?"

वर्ग हसायचा. सर खडूनं पहिल्या नावाखाली एक रेघ ओढायचे. "म्हणून हिला क्रमित जोडी म्हणायचं. क्रम बदलला की गोष्ट बदलली. कोण गेलं आणि कुणाकडे गेलं, हे विसरायचं नाही."

"पण सर," अजय विचारायचा, "अजय आणि अजय अशी पण जोडी येते. मी माझ्याच घरी कसा जाणार?"

"शाळा सुटली की कुठं जातोस रे रोज? चारमिनारला?"

तिघांच्या नऊ जोड्या अशा हसतखेळत फळ्यावर उतरत. वर्षानुवर्षं मुलं तो धडा विसरली नाहीत. कोठीच्या बाजारात एखादा मिशा फुटलेला माजी विद्यार्थी भेटायचा आणि वाकून नमस्कार करता करता म्हणायचा, "सर, चहा कुणाच्या घरचा संपला?"

त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला शाळेचे दिवस पालटले. चौकात एसटीडीच्या पिवळ्या पाट्या आल्या, त्यांच्या शेजारी कॉम्प्युटर क्लासच्या निळ्या पाट्या आल्या. ज्या घरांतून पिढ्यान् पिढ्या कारकून, मास्तर आणि वकील निघाले, त्या घरांतले बाप म्हणू लागले, सरकारी नोकरीचा जमाना गेला, पोराला इंग्रजी आलं पाहिजे. शाळेच्या आवारात इंग्रजी माध्यमाची नवी इमारत उभी राहिली आणि मराठीचे वर्ग जुन्या इमारतीच्या एका टोकाला सरकत गेले. एप्रिलमध्ये संस्थेच्या सेक्रेटरींनी सरांना बोलावून घेतलं. बोलणं गोड होतं. जूनपासून मराठीत नववीचा वर्ग भरणार नाही, तुम्ही इंग्रजी माध्यमाची नववी घ्या, तुमच्यासारखा गणिताचा माणूस आम्हाला दुसरा कुठं मिळणार.

सर हो म्हणून घरी आले आणि त्या दिवशी दोन घास कमी जेवले. इंग्रजी त्यांना येत नव्हतं असं नाही. एम.एस्सी.ची सगळी पुस्तकं त्यांनी इंग्रजीतूनच वाचली होती. पण ते डोळ्यांचं इंग्रजी होतं. जिभेला त्याची सवय नव्हती.

"रोशनीला बसवा समोर," मनकर्णा म्हणाली. "तिला शिकवा इंग्लिशमधून. चुकलं तर घरातच चुकंल."

मनकर्णा म्हणजे सरांची बायको. सरकारी दवाखान्यात नर्स होती. नांदेडकडची बोली तिनं हैदराबादेत इतकी वर्षं राहूनही सोडली नव्हती; तिच्यात दखनी आणि तेलुगूची भर तेवढी पडली होती. रोशनी त्यांची एकुलती एक, इंग्रजी शाळेत नुकतीच आठवी झालेली. पेपरातली मराठी बातमी ती बोट ठेवून वाचायची आणि दुसऱ्या ओळीला कंटाळायची.

विद्यानगरातल्या त्यांच्या भाड्याच्या घरात खाली शहाबादी फरशी होती. मे महिन्याच्या दुपारी, पंखा गरम वारा फेकत असताना, सर भिंतीला टेकून उभे राहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "गुड मॉर्निंग, चिल्ड्रन."

"पप्पा, चिल्ड्रन नक्को! नाइन्थचे पोरं हसतील."

"मग काय म्हणू?"

"काहीच नका म्हणू. डायरेक्ट स्टार्ट करा."

आठवडाभर असं चाललं. सर इंग्रजीत वाक्य सुरू करत आणि क्रियापदापाशी आले की मराठीत शेवट करत. रोशनी लोळून लोळून हसे. मनकर्णा ड्यूटीवरून आली की आत भाजी निवडता निवडता ऐके आणि मध्येच म्हणे, "कळालं मला. मला कळालं म्हणजे कुणालाबी कळंल." हळूहळू सरांची जीभ सैल झाली. मग एका दुपारी तो लाडका धडा आला.

सरांनी फरशीवर खडूनं चौकटी आखल्या. चेतन, केतकी यांना रोशनी ओळखत नव्हती, म्हणून तिच्या ओळखीची तीन घरं घेतली. एक आपलं. दुसरं सरांच्या शाळेतल्या भारती आंटींचं. तिसरं वरच्या मजल्यावरच्या सत्यवतीगारूंचं, म्हणजे घरमालकीणबाईंचं. जाणाऱ्यांची नावं डाव्या बाजूला, ज्यांच्याकडे जायचं त्यांची वरच्या बाजूला.

"सेट ए मल्टिप्लाइड बाय सेट ए," सर म्हणाले. "नाइन ऑर्डर्ड पेअर्स. फर्स्ट इज द वन हू गोज. सेकंड इज... ज्याच्याकडे जातो तो. नाउ, या नऊपैकी खरोखर घडलेल्या जोड्यांवर टिक कर."

रोशनीनं खडू घेतला. आपण आपल्या घरी, टिक. भारती आंटी त्यांच्या घरी, सत्यवतीगारू त्यांच्या घरी, टिक, टिक. आपण भारती आंटींकडे, टिक. दिवाळीला, वाढदिवसाला, आंब्याच्या दिवसांत, कितीदा तरी. आपण सत्यवतीगारूंकडे, तीही टिक. त्यांच्याकडच्या पूजेचा प्रसाद घ्यायला जातो की. भारती आंटी आणि सत्यवतीगारू एकमेकींना ओळखतच नव्हत्या, त्या दोन चौकटी सुटल्या. मग ती थांबली.

"पप्पा, हे बघा ना. वर आपलं नाव आहे ना, त्या कॉलममध्ये फक्त आपणच आहोत."

"हं?"

"म्हणजे आपल्या घरी आपल्याशिवाय कोणीच येत नाही. सत्यवतीगारू दरवाज्यातूनच आवकाय लोणच्याची बरणी देतात. आणि भारती आंटी तर कधीच नाही आल्या. काईकू?"

आत विळीचा आवाज थांबला. सरांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण त्यांना मराठीही सुचेना. "ते... नंतर बघू. आज एवढंच," असं म्हणून ते उठले आणि भर उन्हात पान आणायला बाहेर पडले. सर पान खात नसत.

त्याचं उत्तर त्यांना ठाऊक होतं. रोशनीच्या जन्माआधीची गोष्ट. नोकरी नवी, लग्न नवं. नल्लकुंट्यात पहिलं घर भाड्यानं घेतलं तेव्हा सरांनी हौसेनं सगळ्या स्टाफला सरबताला बोलावलं होतं. येतो येतो म्हणून सगळे म्हणाले, आला एकच. त्यानं दारातूनच भिंतीवरच्या बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींकडे पाहिलं, घर छान आहे म्हणाला, मनकर्णानं दिलेला पेला हातात घेतला आणि तसाच खिडकीत ठेवला. "आज एकादशी हो माझी," असं म्हणून तो गेला. मनकर्णानं कॅलेंडर पाहिलं. एकादशी नव्हती. तिनं ते सरबत जास्वंदीच्या कुंडीत ओतलं आणि पेला घासून ठेवला. त्यानंतर सरांनी शाळेतल्या कुणालाही घरी बोलावलं नाही. बोलावलंच नाही तर कुणाला एकादशी आठवायची पाळी येणार नाही, असा हिशेब त्यांनी मनाशी मांडला होता.

भारतीबाई बिदरकर शाळेत आल्या त्या पुष्कळ वर्षांनी. मराठी शिकवायच्या. कोठीला, सुलतान बाजाराच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. नवरा नरहरराव हायकोर्टात वकील, सासरे वकील, त्यांचे वडीलही वकील. बाई मोठ्यानं हसणाऱ्या आणि आग्रहानं वाढणाऱ्या. सरांना त्यांनी पहिल्या वर्षीच घरी नेलं, आणि मग ते चालूच राहिलं. मनकर्णाच्या हातावर अत्तर लावायचं, रोशनीला मांडीवर घ्यायचं, जाताना डब्यात काहीतरी बांधून द्यायचं. "आता तुम्ही या," हे तीन शब्द सरांच्या ओठांवर दर वेळी यायचे आणि बिदरकरांच्या जिन्यातच विरून जायचे. बाई येणार नाहीत असं त्यांना वाटत नव्हतं. पण येणार नाहीत असं निघालं तर? मग तेही घर गेलं असतं.

रोशनीच्या त्या प्रश्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मनकर्णानं घर पुसलं. खोलीचा कोपरा न् कोपरा पुसला आणि खडूच्या चौकटींचा तेवढा तुकडा कोरडा ठेवला. सर पेपर वाचायला बसले तेव्हा त्या चौकटी त्यांच्या पायाशी होत्या. तिसऱ्या दिवशीही तसंच.

"अगं, पाय पडून पुसट व्हायलंय ते, पुसून टाक की," शेवटी सर म्हणाले.

"राहू द्या," मनकर्णा म्हणाली. "माझ्या घरातलं भांडं न् भांडं लखलखीत आहे. कोण बघितलंय? तुम्ही, मी आन् रोशनी. दवाखान्यातल्या पोरींनाबी कधी या म्हणलं नाही मी. तुम्हाला आवडायचं नाही म्हणून."

"मला आवडायचं नाही असं कुठं..."

"मग?"

सरांनी चपला घातल्या.

कोठीला ते पोचले तेव्हा बिदरकरांकडे दुपारचा चहा चालला होता. नरहररावांनी बनियनवरच दार उघडलं. "आइए आइए, गणिताचार्य! ऐन वक्ताला आलात." नरहररावांच्या मराठीत अर्धी उर्दू असे, आणि कोर्टात, म्हणे, उर्दूत अर्धी मराठी. चहा झाला, बिस्किटं झाली, इंग्रजी नववीची चौकशी झाली. सेक्रेटरींवर बाई मनसोक्त चिडून झाल्या. सर प्रत्येक वाक्याला मान डोलवत राहिले. जे बोलायला आले होते ते घशाशी येई आणि चहाच्या घोटाबरोबर खाली जाई. शेवटी उठले, निरोप घेतला, बस स्टॉपवर आले. विद्यानगरची बस आली. कंडक्टर ओरडला. सरांनी एक पाय पायरीवर ठेवला, काढून घेतला आणि तसेच परत फिरले.

या वेळी दार बाईंनी उघडलं. "काय हो, छत्री विसरलात?"

"बाई," सर वर्गातल्या आवाजात म्हणाले, इतक्या मोठ्यानं की आतून नरहरराव डोकावले. "येत्या शनिवारी आमच्याकडं जेवायला या. दोघंही."

बाईंच्या कपाळाला बारीकशी आठी पडली. "शनिवारी? शनिवारी माझा उपास असतो हो."

सर घाईघाईनं म्हणाले, "हो का. बरं बरं. काही हरकत नाही. पुन्हा कधीतरी," आणि वळलेसुद्धा.

"अहो थांबा! पुन्हा कधीतरी काय? लग्नापासून शनिवार धरलाय मी, कुणालाही विचारा. रविवारी नाही का चालणार? वहिनींची ड्यूटी आहे का?"

ड्यूटी होती. पण सर म्हणाले, "नाही, नाही. रविवारीच या."

"मला रविवारी एक अशील यायचाय," नरहरराव आतून म्हणाले. बाईंनी मागं वळून त्यांच्याकडे पाहिलं. "मी येते," त्या सरांना म्हणाल्या. "ह्यांचं बघू."

मनकर्णानं ड्यूटी बदलून घेतली. घरात लगीनघाई उडाली. सरांचं म्हणणं पडलं की श्रीखंड-पुरी करावी. बाईंकडे असते तशी. मनकर्णानं ते एका वाक्यात उडवलं. "त्यांच्या घरचं खायला त्या आपल्या घरी कशाला यायलेत?" तिनं ज्वारीच्या पातळ भाकरी ठरवल्या, अंबाडीची भाजी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि येसराची आमटी. येसर म्हणजे धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं पीठ. तिच्या आईची ती खासियत. नुसतं भाजायला घेतलं तरी वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा. वरच्या मजल्यावरून सत्यवतीगारूंनी कठड्यावरून वाकून विचारलं, "एमिटी रोशनी, काय बनताय? कोण येतंय?"

"भारती आंटी येतायत!" रोशनीनं इतक्या मोठ्यानं सांगितलं की पलीकडच्या घरालाही कळलं.

रविवारी बाई रिक्षातून उतरल्या तेव्हा एकट्याच होत्या. हातात पिशवी, आणि पिशवीतून स्टीलच्या मोठ्या डब्याची कडी डोकावत होती. दारात उभ्या असलेल्या मनकर्णाला आधी ती कडीच दिसली. तिचा चेहरा एकदम दगडासारखा झाला. घरून जेवण आणलं बाईंनी, तिला वाटलं. सरांनाही तेच वाटलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

बाई चपला काढून थेट आत आल्या, तसबिरींपुढे क्षणभर हात जोडले आणि मग जमिनीवर बसकण मारून म्हणाल्या, "आधी पाणी द्या वहिनी, जीव चाललाय उन्हानं." एक तांब्या रिकामा केला, दुसरा मागितला. मग नाक वर करून विचारलं, "हा वास कसला? माझी आत्या हिंगोलीला होती, तिच्याकडे असा वास यायचा."

पानं मांडली. बाईंनी आमटी वाटीनं प्यायली, मग भाकरी कुस्करून घेतली, मग कसलाही विधिनिषेध न बाळगता वाटीतली शेवटची आमटी बोटानं निपटून घेतली. बोलणं कमी आणि खाणं जास्त चाललं होतं. रोशनी वाढत होती. सर स्वतःच्या ताटातलं वांगं इकडून तिकडे सरकवत होते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पिशवीकडे पाहत होते.

हात धुऊन झाल्यावर बाईंनीच पिशवी उघडली. डबा बाहेर काढला, झाकण उघडलं. आत काही नव्हतं. घासूनपुसून स्वच्छ, रिकामा.

"हा ह्यांनी दिलाय," बाई म्हणाल्या. "वहिनी, तुमच्याशी खोटं बोलणार नाही. अशील बिशील कुणी नाही. आयुष्यभर कोर्टात मोठमोठी भाषणं केलीत, पण पाय काही उंबऱ्याबाहेर निघेनात. वडिलांच्या वेळचं काहीतरी बसलंय डोक्यात. मी निघाले तर हळूच डबा काढून दिला. म्हणाले, थोडं घेऊन ये."

सर चटकन उठले. "देतो ना, देतो. मनकर्णा, आमटी उरली असेल..."

"आमटी भरपूर आहे," मनकर्णा म्हणाली. तिनं बाईंच्या हातातून डबा घेतला, झाकण लावलं, कडी बसवली आणि परत त्यांच्या हातात दिला. "डबा नाही भरणार मी. राग मानू नका बाई. त्यांना सांगा, ताट मांडून ठेवलेलं आहे. इथं येऊन बसायचं आन् पोटभर जेवायचं."

सरांना वाटलं, आता संपलं. जमवलेलं सगळं हिनं एका वाक्यात घालवलं. ते बाईंच्या चेहऱ्याकडे पाहायला धजले नाहीत. मग त्यांना बाईंचं हसू ऐकू आलं. आधी बारीक, मग नेहमीचं मोठं.

"अस्सं!" बाई म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते हसण्याचं की कशाचं ते कळत नव्हतं. "हेच मला इतक्या वर्षांत सुचलं नाही बघा. असाच रिकामा घेऊन जाते." आणि जाता जाता मनकर्णाच्या दोन्ही दंडांना धरून म्हणाल्या, "आणि तुम्हीही, इतकी वर्षं एकदा 'या' म्हणाला असतात तर? मी काय बोलावल्याशिवाय येणार होते?"

"आमच्या यांना विचारा ते," मनकर्णा म्हणाली.

सर खाली फरशीकडे बघत राहिले.

त्या रात्री आणि नंतरचे काही दिवस घरात तो विषय निघाला की सर म्हणत, "डबा द्यायला हवा होता." मनकर्णा म्हणे, "नाही." वाद तेवढाच. तो मिटलाही नाही आणि वाढलाही नाही.

दुसरा रविवार उजाडला. सर लुंगीवर, दाढीचा साबण गालाला लावून बसले होते. बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. दारात नरहरराव. अंगात इस्त्रीचा सदरा, हातात बेनिशान आंब्यांची करंडी, आणि चेहरा असा की जणू न्यायमूर्तींनी उशिरा आल्याबद्दल झापलंय.

"सोनकांबळे," ते उंबऱ्याबाहेरूनच म्हणाले, "माझा डबा रिकामा परत आला."

सर साबणासकट उभे राहिले. आतून मनकर्णा पदराला हात पुसत आली.

"या ना भाऊ," ती म्हणाली. "आज येसर नाही. आज नुसती खिचडी आन् कढी आहे."

नरहररावांनी तिच्याकडे पाहिलं. मग खाली उंबऱ्याकडे. एक पाऊल आत टाकलं आणि तिथंच थांबून म्हणाले, "वहिनी, मला यायला उशीर झाला. फार उशीर झाला."

"जेवणाला नाही झाला," मनकर्णा म्हणाली. "बसा."

नरहरराव बसले. पहिला घास त्यांनी जरा जपून घेतला, हे सरांनी पाहिलं. दुसरा नाही. कढीची तिसरी वाटी झाली तेव्हा ते पुन्हा नेहमीचे वकील झाले होते आणि कढीत मेथीची फोडणी असावी की नसावी यावर मनकर्णाशी उलटतपासणी चालवत होते. ती हार मानायला तयार नव्हती. सरांच्या गालावरचा साबण कधीच वाळून गेला होता.

जून लागला. इंग्रजी नववीचा पहिला तास. सरांनी खिडकी उघडली, डस्टर आपटला, वर्गाकडे पाहिलं आणि काहीच न म्हणता थेट सुरुवात केली. पहिले काही दिवस जड गेले. मागच्या बाकावरून खुसखुस यायची. एकदा क्रियापद सापडेना तेव्हा सरांनी सरळ दखनीत विचारलं, "अरे मियाँ, इसकू इंग्लिश में क्या बोलते?" आणि पंधरा-वीस मुलांनी एकदम सांगितलं. त्या दिवसापासून वर्ग सरांचा झाला. ते गणित शिकवत आणि मुलं त्यांना क्रियापदं पुरवत. सहामाहीत वर्गात कुणी गणितात नापास झालं नाही तेव्हा सेक्रेटरी पुन्हा गोड बोलले. सर या वेळी दोन घास जास्त जेवले.

मराठीचे उरलेले वर्ग पुढं दोन-तीन वर्षांत बंद पडले. भारतीबाईंनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली. शाळेतल्या शेवटच्या दिवशी त्या रडल्या, सरही रडले. पण दोन्ही घरांतलं जाणं-येणं त्यानंतर वाढलंच. आता त्यात सरांचं काही काम उरलं नव्हतं. मनकर्णा आणि बाई आपापसात ठरवायच्या, कोठीला साड्या बघायला जायच्या, भांडायच्या, फोनवर तास तास बोलायच्या. मनकर्णानं दवाखान्यातल्या पोरींनाही बोलावलं. त्या आल्या आणि येतच राहिल्या. त्यांचा गलका ऐकून एकदा सत्यवतीगारू आवकायची बरणी घेऊन खाली उतरल्या. दारातून बरणी पुढं केली. मनकर्णानं बरणीबरोबर त्यांचा हातही धरला आणि आत ओढलं. "अय्यो, अय्यो," म्हणत त्या बसल्या त्या थेट दिवेलागणीलाच उठल्या.

अशा एका रविवारी घर इतकं भरलं की सरांना पेपर वाचायला जागा मिळेना. स्वयंपाकघरात येसर भाजणं चाललं होतं, नरहरराव दिवाणावर घोरत होते, रोशनी कुणाला तरी कॉम्प्युटरबद्दल मोठमोठ्यानं सांगत होती. सर पेपर घेऊन बाहेर आले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसले. तेवढ्यात वरून सत्यवतीगारू उतरल्या, त्यांना ओलांडायला जागा नव्हती.

"सार, बाहेर का बसलात?" त्यांनी विचारलं.

"आत जागा नाही," सर म्हणाले आणि त्यांना वाट द्यायला भिंतीकडे सरकले.